फोटो काढण्याआधी विचारायचं का? ठाण्यातल्या एका वृत्तछायाचित्रकाराचं उत्तर

प्रश्न असा आला आहे : "मी डोंबिवलीत राहते, पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचे आहेत. अपघात, आग, मोर्चा अशा ठिकाणी माणसांचे फोटो विचारून काढायचे की न विचारता? इतक्या वर्षांत कोणती माणसं तुमच्या लक्षात राहिली? आणि सुरुवातीला कोणती लेन्स घ्यावी?"

लेन्सचं शेवटी सांगतो, ते सोपं आहे.

रस्त्यावर घडणाऱ्या गोष्टीचा फोटो काढायला सहसा कायद्याने कुणाची परवानगी लागत नाही. छापायला काय चालतं हा निराळा विषय, त्याकडे पुढे येतो. पण तुमचा प्रश्न कायद्याचा नसावा. समोरचा माणूस रडत असताना कॅमेरा वर करायचा कसा, हे तुम्हाला विचारायचं आहे. त्यावर माझं म्हणणं बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे आणि ते मी ठाण्यात काम करतो म्हणून तसं झालं आहे. मोठ्या घटनेला बाहेरून आलेला फोटोग्राफर संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. मी दुसऱ्या दिवशी त्याच शहरात जांभळी नाक्यावर भाजी घेत असतो. काल पहिल्या पानावर ज्याचा फोटो होता तो माणूस आज प्लॅटफॉर्म पाचवर माझ्या शेजारी उभा असू शकतो, आणि असतोही. कुणी ओळखतं, कुणी मान फिरवतं, एकाने तर मला चहाच्या टपरीवर गाठून "तुम्हीच ना ते?" असं चार लोकांसमोर विचारलं होतं. त्यामुळे "हा फोटो काढू का" यापेक्षा "हा फोटो छापून आल्यावर या माणसाशी मला बोलता येईल का" हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. गाव लहान असण्याचा हा धाक आहे. मला तो उपयोगी पडला.

आता मुंब्र्याजवळच्या शिळफाट्याचं सांगतो. 4 एप्रिल 2013, गुरुवारची संध्याकाळ. लकी कंपाउंडमधली सात मजली इमारत कोसळली, वर आठव्या मजल्याचं काम चालूच होतं. सगळं बेकायदा, तेही वनखात्याच्या जमिनीवर. 74 माणसं गेली. त्यात बांधकामावरचे मजूर होते, त्यांची लहान मुलं होती.

रात्रभर हॅलोजनच्या उजेडात ढिगारा उपसत होते. अशा ठिकाणी एक गोष्ट घडते, ती टीव्हीवर कधी नीट दिसत नाही. मधूनच बचाव पथकातला एक जण हात वर करतो आणि सगळं थांबतं. जेसीबी बंद, कटर बंद, वायरलेसचे आवाज कमी, बघ्यांना गप्प. ढिगाऱ्याखाली कुणी कण्हतंय का, काही ठोकतंय का, ते ऐकायचं असतं. त्या वेळी डीएसएलआरचा आरसा वर-खाली होतानाचा खटका केवढा मोठा वाटतो! त्या जवानाने आम्हा फोटोग्राफरांच्या घोळक्याकडे एकदा बघितलं, बोलला काहीच नाही. पुढे जेव्हा जेव्हा हात वर गेला, तेव्हा कुणाचंही शटर वाजलं नाही. वर गेलेल्या हाताचा फोटो सगळ्यांनाच हवा होता. तो आम्ही हात खाली येताना काढला. थोडा हललेला आहे, पण आहे.

पहाटे रुग्णालयाबाहेर एक माणूस माझ्यापाशी आला. सुतार असावा, पट्ट्याला मोजपट्टी अडकवलेली तशीच होती. "भैया, कॅमेरे में देखने दोगे? मेरा भाई उधरही था." मी कॅमेरा गळ्यातून न काढता स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि एकेक फोटो पुढे सरकवत गेलो. तो चेहरे बघतच नव्हता. सिमेंटच्या धुरळ्याने सगळे चेहरे एकसारखे झाले होते. तो शर्टांचे रंग बघत होता, मनगटं बघत होता. एका फ्रेमपाशी त्याने माझा हात धरला. स्ट्रेचरच्या कडेला एक हात लोंबत होता, मनगटावर लाल धागा आणि त्याच्यावर पांढरी डायल असलेलं घड्याळ. मी झूम केलं. त्याने मान हलवली. मग त्याने विचारलं, याला नेलं कुठे?

फ्रेम वाइड होती म्हणून मागे अर्धी अँब्युलन्स आली होती आणि तिच्या नंबरातले शेवटचे चार आकडे वाचता येत होते. शेजारच्या हवालदाराने वायरलेसवर विचारून ती गाडी कुठल्या हॉस्पिटलला गेली ते सांगितलं. तो माणूस रिक्षाकडे पळाला.

तो फोटो छापला गेला नाही, जायलाही नको होता. पण तेव्हापासून मोठ्या दुर्घटनेत मी प्रत्येक स्ट्रेचरची एक तरी फ्रेम अशी घेतो की गाडीचा नंबर दिसेल. ऑफिसात पानं लावणाऱ्या डेस्कला त्याचं काही नाही. दोन-चार जखमींच्या नातेवाइकांना त्याचा उपयोग झाला आहे. तुम्ही विचारलंत विचारून काढायचं का. त्या रात्री कुणाला विचारणार? विचारायला कुणी शुद्धीवर नव्हतं. अशा वेळी काढून ठेवायचं, छापायचं काय ते नंतर ठरवायचं. काढणं आणि छापणं यात एक रात्र असते, ती वापरायची.

आता ती रात्र राहिली नाही, ही खरी अडचण आहे. पूर्वी रोल धुवून, प्रिंट काढून, कुणीतरी ती लोकलने मुंबईला नेऊन देईपर्यंत दोन-तीन तास जात. आता ऑफिसच्या ग्रुपवर फोटो पाच मिनिटांत हवा असतो आणि तो ग्रुपमधून कुठे जातो यावर कुणाचाच ताबा नसतो. मी एक पथ्य पाळतो. पोलिसांनी घरच्यांना कळवल्याची खात्री होईपर्यंत मृताचा ओळखू येईल असा फोटो कुठल्याच ग्रुपवर टाकत नाही. संपादकाने फोन केला तर "येतोय" म्हणतो. नवऱ्याचा मृत्यू बाईला व्हॉट्सअ‍ॅपवरून कळणं, तेही माझ्या नावाच्या फोटोवरून, हे मला परवडणार नाही.

दुःखाच्या जागी लांबची लेन्स वापरावी, म्हणजे त्या माणसाला त्रास होत नाही, असं तुम्हाला कॉलेजात शिकवतील. मला पटत नाही. दोनशे मिमीच्या लेन्सने लांबून काढलेला रडणारा चेहरा म्हणजे खिडकीतून डोकावणं आहे. त्या माणसाला तुम्ही दिसतच नाही, मग तो नाही कसा म्हणणार? मी जवळ जातो. कॅमेरा छातीवर, दिसेल असा. दोन मिनिटं नुसता उभा राहतो. नजर मिळाली की मान थोडी झुकवतो. त्याने तोंड फिरवलं तर निघतो. फिरवलं नाही तर काढतो, दोन-तीनच फ्रेम. घरात अंत्ययात्रा असेल तर आधी कुटुंबातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलतो, चपला बाहेर काढतो आणि फ्लॅश कधीच वापरत नाही. हाकलून दिलं तर वाईट वाटून घेत नाही. त्यांचं घर आहे.

मार्च 2018 चा शेतकऱ्यांचा मोर्चा तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तेव्हा शाळेत असाल. 6 मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यांत बरेचसे आदिवासी, कसारा घाट उतरून, भिवंडीवरून, ठाण्यातून मुंबईला गेले, जवळजवळ 180 किलोमीटर पायी. शेवटच्या रात्री सायनच्या सोमय्या मैदानावरून ते झोप सोडून आझाद मैदानाकडे निघाले, कारण सकाळी दहावीचा पेपर होता आणि मुलांना रस्ते मोकळे हवे होते. ठाण्याच्या हद्दीत आम्ही सगळे त्यांच्या पायांमागे लागलो होतो. फुटलेल्या टाचा, सोललेले तळवे. फोटो म्हणून जबरदस्तच होते, देशभर गेले.

आनंदनगर नाक्याच्या अलीकडे फुटपाथवर एक आजी बसल्या होत्या. लाल टोपी, लाल झेंड्याची काठी मांडीवर आडवी, आणि कुणीतरी दिलेली मलमाची ट्यूब हातात. मी गुडघ्यावर बसून टाचांचा क्लोजअप घेत होतो. त्या म्हणाल्या, "पायच काढशील का रं बाबा? मला तोंड नाही का?"

मी उठलो, नीट समोर बसलो. त्यांनी टोपी सारखी केली, पदर आवरला, काठी उभी धरली आणि जसं सातबाऱ्याच्या कामाला तहसीलदारासमोर उभं राहावं तसा चेहरा केला. रडवेला नाही, थकलेलाही नाही. आपण कशासाठी चालतोय तेही सांगितलं : कसतो ती जमीन वनखात्याच्या नावावर आहे, ती आमच्या नावावर करा, कागद द्या. वनहक्क कायदा 2006 चा आहे, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं, माझ्या बातमीदाराला मात्र विचारून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पायांचाच फोटो मोठा लागला आणि आजींचा आत, सिंगल कॉलम. डेस्कशी मी भांडलो, हरलो. आजही मला वाटतं, पायांचे फोटो वाचकाला हळहळायला लावत होते आणि आजींचा फोटो त्याला उत्तर मागत होता. हळहळ जास्त खपते.

तुमच्या विचारण्याच्या प्रश्नाला इथे आणखी एक बाजू आहे. विचारलं की माणूस पोझ देतो, नैसर्गिकपणा जातो, असं म्हणतात. जाऊ दे की! स्वतःला कसं दाखवायचं हे त्याने ठरवलं तर तीही बातमीच आहे. आधी न विचारता दोन फ्रेम काढा, मग बोला, मग त्याला हवा तसा एक काढा. तिन्ही पाठवा. मात्र जे घडलंच नाही ते करायला लावू नका. दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या अंगणात हवेत उड्या मारणाऱ्या मुली तुम्ही दरवर्षी बघता ना, त्यातली एकही आपणहून उडालेली नसते. "एक, दोन, तीन" आम्ही म्हणतो. पहिल्या पावसात तलावपाळीवर भिजणारं जोडपंही पुष्कळदा कुणा फोटोग्राफरचा भाचा आणि त्याची मैत्रीण असते.

मे 2020, टाळेबंदी. माजिवड्याच्या पुलाखालून नाशिक रस्त्याकडे माणसांची रांग लागलेली होती. डोक्यावर बोचकी, सायकलीला टेबलफॅन बांधलेला, मुलं ट्रॉली बॅगवर बसवलेली. एक तरुण फरशी कापायचं मशीन गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेऊन चालला होता. बाकी सामान खोलीवर टाकलं होतं, मशीन तेवढं सोबत, कारण ते स्वतःच्या पैशाने घेतलेलं. मी नाव विचारलं, त्याने सांगितलं, गावही सांगितलं. मग माझं ओळखपत्र बघून म्हणाला, "छापना मत. घर पे बोला है ट्रक में बैठ गया हूँ. अम्मा देख लेगी."

मराठी पेपर पूर्व उत्तर प्रदेशातल्या खेड्यात कोण बघणार, असं मी म्हणू शकलो असतो. पण फोटो मोबाइलवरून कुठेही जातो हे त्यालाही ठाऊक होतं. मी मागे राहून पाठमोरा काढला : खांद्यावर गोणपाट, त्यातून बाहेर आलेलं मशीनचं पातं, पुढे मोकळा हायवे. चेहऱ्याशिवायही तो फोटो उभा राहिला. अर्थात, प्रत्येक वेळी असं जमत नाही. काही फोटो चेहऱ्याशिवाय मरतात, ते सोडून द्यायचे.

आता छापण्याचं. काही गोष्टी तुमच्या इच्छेवर नाहीत. गुन्ह्यात सापडलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या अल्पवयीन मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बंदी आहे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मुलांसाठी पॉक्सो कायद्याचं कलम 23 आहे, मोठ्यांसाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचं 228अ होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 72 आहे. चेहरा ब्लर केला की झालं असं नवीन पोरांना वाटतं. कळव्याच्या किंवा लोकमान्यनगरच्या चाळीत दाराचा रंग, दारातला सायकलचा सांगाडा, गल्लीच्या तोंडाचं किराणा दुकान दिसलं तरी सगळ्यांना कळतं घर कुणाचं. शाळेचा गणवेश दिसला तरी कळतं. अशा बातमीला मी पोलीस ठाण्याच्या पाटीचा फोटो काढून मोकळा होतो. कंटाळवाणा फोटो असतो, असू दे. आरोपींच्या डोक्यावर काळा बुरखा घालून उभं करतात तेही उगाच नसतं. ओळख परेडच्या आधी चेहरा छापून आला तर साक्षीदाराने पेपरात बघून ओळखलं असा मुद्दा कोर्टात येतो आणि खटला ढिला पडतो.

कोर्टावरून आठवलं, मूळ फाइल कधी डिलीट करू नका. 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटीवर कसाबचा फोटो काढणारे सॅबेस्टियन डिसोझा पुढे खटल्यात साक्षीला उभे राहिले. तुमचा फोटो उद्या पुरावा होऊ शकतो. क्रॉप केलेली, रंग वाढवलेली कॉपी तिथे कामाची नाही.

सगळं दुःखाचंच असतं असं समजू नका. वर्षभरातलं आमचं बहुतेक काम खड्डे, उद्घाटनं, नालेसफाई आणि प्रभाग समितीतली भांडणं हेच. फ्लेमिंगो येतात तेव्हा सगळे ऐरोलीला पळतात. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 चं, रामसर यादीत 2022 ला गेलं, गुलाबी थव्याचे फोटो ढिगाने आहेत. मला बोट चालवणाऱ्या कोळ्याचा फोटो जास्त आवडतो, भरती-ओहोटीचं वेळापत्रक ज्याला पाठ असतं आणि जो थवा उडवायला साफ नकार देतो. गिऱ्हाइकं शंभर-शंभर रुपये जादा द्यायला तयार असतात, तरी.

दहीहंडीत तर माझं लक्ष वर नसतंच. ठाण्यात 2012 ला जय जवान पथकाने नऊ थर लावले, 2025 ला वर्तकनगरला कोकण नगर पथकाने दहा. वरचा एक्का हंडीला हात घालतो तो क्षण सगळ्यांकडे असतो. मी तळाला बसतो. तिथली माणसं वर बघतच नाहीत, बघू शकत नाहीत. पुढच्याच्या पाठीत डोकं खुपसलेलं, डोळे गच्च मिटलेले, आणि हंडी फुटली की नाही हे त्यांना अंगावर पाणी पडल्यावर कळतं.

वाशीच्या मार्केटचं एक सांगतो, कारण विचारण्याची वेळ मला तिथे कळली. कांदा-बटाट्याच्या गोण्या 50 किलोंपेक्षा जड येतात म्हणून माथाडींची तक्रार होती. बातमीला फोटो हवा. आता पाठीवर गोणी घेतलेला माणूस तर रोजच दिसतो, वजन दिसत नाही. काट्यावरचा आकडा आणि माणसाची मान दोन्ही एका फ्रेममध्ये यायला हवं होतं. ओझं घेऊन चाललेल्याला थांबवून "फोटो काढू का" विचारणं हा तर अत्याचार. म्हणून आधी त्यांच्या चहाच्या वेळी जाऊन बसलो. साताऱ्याकडची, जुन्नरकडची मंडळी. बोलणं गावच्या पावसापासून सुरू झालं. एकाने काटा कुठे लावतात, कुठून आकडा दिसेल, कुठल्या गाळ्यात उजेड बरा आहे, सगळं स्वतः सांगितलं. त्यांचं काम त्यांनाच जास्त कळतं, फ्रेमसुद्धा. व्यापारी ओरडायला आला तेव्हा त्यांनीच त्याला बाजूला घेतलं. पुढे मार्केटमध्ये कधीही गेलो तरी पहिला चहा तिथेच होतो.

नावं मात्र विचाराच, आणि लिहून घ्या. "एक वृद्ध महिला", "नागरिक" अशी कॅप्शन मला चीड आणते. मंत्र्याच्या मागे उभ्या असलेल्या नगरसेवकाचं नाव आम्ही आडनावासकट छापतो आणि पाण्यात उभ्या असलेल्या बाईला "नागरिक" म्हणतो. नाव त्यांच्याच वहीत किंवा मोबाइलवर लिहायला सांगा. आगरी-कोळी आडनावं डेस्कवर हमखास बिघडतात आणि दुसऱ्या दिवशी शिव्या तुम्हाला बसतात. फोटो पाठवतो म्हणालात तर त्याच रात्री पाठवा, नाहीतर म्हणू नका.

आता लेन्स. मोठी टेलिफोटो, म्हणजे लांबची लेन्स, घेऊ नका. 24-70 एफ 2.8 जुनी, चांगल्या स्थितीतली मिळाली तर ती घ्या. तेवढेही पैसे नसतील तर 35 मिमीची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, चालेल, तिने तुम्हाला आपोआप जवळ जावं लागेल. घेण्याआधी ओळखीच्या फोटोग्राफरला दाखवा, मागच्या काचेवर बुरशीची जाळी आहे का ते टॉर्च लावून बघा. आपल्याकडच्या पावसात ती हमखास असते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला बदला. गोविंदा आणि क्रिकेटसाठी 70-200 लागेल, ती तेव्हा भाड्याने मिळते.